अनुभव धागा : गाडीचे वय आणि मालकांच्या गटातली वर्दळ

एखाद्या मॉडेलच्या मालकांचा ऑनलाइन गट सुरुवातीला गजबजलेला असतो आणि काही वर्षांनी तिथे क्वचितच एखादा प्रश्न येतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अशा वेळी ‘गट संपला’ असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. मी अशाच एका गटाची व्यवस्था पाहते आणि मला हा निष्कर्ष पटत नाही. नव्या गाडीच्या गटातली गर्दी बहुतांशी उत्सुकतेची असते. गाडी जुनी झाल्यावर येणारे प्रश्न संख्येने कमी, पण उत्तर द्यायला अवघड असतात, आणि ती गाडी पुढे किती वर्षे रस्त्यावर राहील हे बऱ्याच अंशी त्या उत्तरांवर ठरते.

मला दिसलेला क्रम साधारण असा आहे. आधी बुकिंग, रंग आणि डिलिव्हरीच्या तारखा यांची चर्चा होते, मग पहिली सर्व्हिस, मायलेज आणि डॅशबोर्डमधून येणारे बारीकसारीक आवाज. त्यानंतर मोठी शांतता पसरते. वॉरंटी संपत आली की पुन्हा थोडी खळबळ होते, आणि पहिले मालक गाड्या विकू लागले की अनोळखी माणसांची दुसरी लाट येते. सगळ्याच गटांत असे घडत नसणार, म्हणून आपले अनुभव हवे आहेत. नाव आणि गाव न लिहिता गाडीशी असलेले आपले नाते तेवढे वर लिहावे, आणि गाडीच्या वयाच्या कोणत्या टप्प्यावर गटात काय बोलले जात होते ते सांगावे, ही विनंती.

नव्या हॅचबॅकचा पहिला मालक

बुकिंगच्या काळात आमच्या गटात रात्री उशिरापर्यंत संदेश येत असत. सदस्यांनी मिळून एक तक्ता केला होता. त्यात प्रत्येकाने बुकिंगची तारीख, रंग, इंजिनाचा प्रकार आणि डीलरने सांगितलेला आठवडा भरायचा. कारखान्यात कोणत्या प्रकाराला प्राधान्य मिळते आहे, हे त्या तक्त्यावरून विक्रेत्यांपेक्षा आम्हाला आधी समजत असे. गाडी हातात आली की तो सदस्य फोटो टाकायचा, अभिनंदनाचे संदेश यायचे, आणि त्यानंतर तो पुन्हा फारसा दिसत नसे. त्यात कृतघ्नपणा आहे असे मला वाटत नाही. माणूस ज्या गरजेपोटी आला होता ती पूर्ण झाली होती आणि गाडी व्यवस्थित चालत होती. चांगल्या गाडीचा गट लवकर शांत होतो, हेही नोंदवले पाहिजे. ज्या मॉडेलच्या गटात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही गिअरबॉक्सवर रोज वाद झडत असतात, तिथली वर्दळ हे काही शुभलक्षण नव्हे.

डिझेल गाडीची दुसरी मालकीण

धागाकर्तीने उल्लेख केलेल्या दुसऱ्या लाटेतली मी. मी गाडी घेतली तेव्हा वॉरंटी संपून बराच काळ लोटला होता आणि गटात नवे लेखन जवळजवळ थांबले होते, परंतु जुने लेखन शाबूत होते आणि माझा सगळा आधार तेच होते. डिझेल गाडी जुनी होते तसे प्रश्न कसे बदलतात ते तिथे क्रमाने वाचता येते. सुरुवातीला सगळे पिकअप आणि मायलेजबद्दल लिहितात. पुढे धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साठलेली काजळी, धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ या गाळणीचा दिवा आणि टर्बोचे होज हे विषय येतात. इंजिन ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते कशी, हा प्रश्न गाडी नवी असताना कोणाच्या मनातही आला नसता. त्याचे अतिशय स्पष्ट उत्तर मला एका जुन्या चर्चेत मिळाले. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी एक्झॉस्टचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते आणि त्यासाठी अनेक इंजिनांत जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडले जाते. फेऱ्या लहान असल्या आणि ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर न जळलेले डिझेल पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. हे लिहिणाऱ्या गृहस्थांनी गाडी केव्हाच विकली होती, पण त्यांच्या त्या चार परिच्छेदांमुळे मी ऑइल वेळेत बदलले आणि आठवड्यातून एकदा गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालवू लागले.

एक खंत मात्र आहे. कितीतरी चर्चांमध्ये अगदी माझीच अडचण मांडलेली असते, दहा जणांनी दहा उपाय सुचवलेले असतात, आणि शेवटी प्रश्नकर्ता ‘झाले काम, सर्वांचे आभार’ एवढेच लिहून निघून जातो. काम कशाने झाले ते कोणालाच समजत नाही. आमच्या गटात आता असा नियम आहे की, प्रश्न विचारणाऱ्याने कोणता भाग बदलला, त्याचा पार्ट नंबर काय आणि त्यानंतर किती किलोमीटर गाडी नीट चालली, हे लिहिल्याशिवाय चर्चा ‘सुटली’ अशी खूण केली जात नाही. हा नियम झाल्यापासून संदेश वाढलेले नाहीत, पण प्रत्येक संदेशाचे मोल वाढले आहे.

गॅरेज चालवणारा, अनेक गटांत वाचक

माझे निरीक्षण प्रश्नाच्या भाषेविषयी आहे. पूर्वी लोक लक्षण वर्णन करत : सकाळी सुरू करताना इंजिन थरथरते, चढावर दम लागतो, पेट्रोलचा वास येतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीच्या संगणकाने बिघाड ओळखून त्याचा ठरावीक कोड देण्याची व्यवस्था, सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तशीच व्यवस्था लागू झाली, आणि पुढे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घराघरांत पोचले. त्यानंतर प्रश्न कोडच्या रूपात येऊ लागले. ‘पी०४२० येतो आहे, काय बदलू?’ एवढाच संदेश असतो. या बदलामुळे बोलणे कमी झाले आणि वाचणे वाढले, कारण कोड टाकून शोधले की जुनी चर्चा सापडते आणि नव्याने विचारण्याची गरज उरत नाही. गटाच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. पण कोड हा निकाल नसतो, हे गटातल्या जाणत्यांनी सतत सांगत राहावे लागते. पी०४२० चा अर्थ एवढाच की, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी आहे असे संगणकाला वाटले. कारण कन्व्हर्टर असू शकतो, ऑक्सिजन सेन्सर असू शकतो, किंवा एक्झॉस्टमधली एखादी गळतीही असू शकते. तसेच पी०१७१ आला म्हणजे मिश्रणात हवा जास्त आहे एवढेच कळते; ती फाटक्या व्हॅक्यूम होजमधून येते आहे, की मळलेला एअरफ्लो सेन्सर चुकीचे मोजतो आहे, की मुळात इंधनाचा दाबच कमी आहे, हे तपासूनच ठरवावे लागते. ज्या गटात हे समजावणारे दोन-तीन जण टिकून आहेत, तो गट वर्दळ कमी असली तरी जिवंत आहे असे मी मानतो.

छत उघडणाऱ्या दोन आसनी गाडीचा मालक

आमच्याकडे वर्दळ ऋतूप्रमाणे बदलते. थंडी सुरू झाली की बॅटरीचे प्रश्न एकदम वाढतात, कारण थंडीत तिची क्षमता घटते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोर अधिक लागतो; बॅटरीची झीज मात्र बहुधा आधीच्या उन्हाळ्यात झालेली असते. थंडीतच गाड्या घरात उभ्या राहतात, म्हणून दुरुस्तीची दीर्घ, सचित्र वर्णनेही त्याच काळात लिहिली जातात.

दुसरी गोष्ट पिढ्यांची. माझी गाडी माझदा एमएक्स-५. पहिली पिढी १९८९ ची, नंतरच्या १९९८, २००५ आणि २०१५ मधल्या. मालक त्यांना एनए, एनबी, एनसी आणि एनडी म्हणतात. नवी पिढी आली की सगळे तिकडे धावतात आणि आधीच्या पिढीच्या विभागात शुकशुकाट होतो, पण हा शुकशुकाट कायमचा नसतो. गाडी ‘वापरलेली’ असते तोवर तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि ती ‘जतन करण्याजोगी’ ठरली की माणसे परत येतात. माझदाने २०१७ च्या अखेरीस जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना सुरू केली आणि काही बंद झालेले भाग पुन्हा तयार केले, तेव्हा आमच्या एनए विभागात अनेक वर्षे न दिसलेली नावे पुन्हा दिसली. उंबऱ्यापाशी लागणारा गंज, छताचे कापड, उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची मोटर, हे विषय तिथे आज अधिक बारकाईने लिहिले जातात.

इलेक्ट्रिक गाडीची मालकीण

वर सांगितलेला चढउतार आमच्याकडे निराळा आहे, कारण आमची गाडी विकत घेतल्यानंतरही बदलत राहते. सॉफ्टवेअर अपडेट आले की गट एका रात्रीत जागा होतो : चार्जिंगचा वेग बदलला का, रेंजचा अंदाज कमी दिसतो आहे का, कोणते बटण कुठे गेले. आठवड्याभरात पुन्हा शांतता होते.

खोलवर चालणारी चर्चा बॅटरीची असते आणि ती गाडीच्या वयाबरोबर वाढत जाते. निसान लीफ डिसेंबर २०१० मध्ये ग्राहकांच्या हाती आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था नव्हती आणि क्षमता दाखवण्यासाठी डॅशबोर्डवर बारा रेघा होत्या. २०१२ मध्ये ॲरिझोनासारख्या उष्ण भागातल्या मालकांनी पहिली रेघ अपेक्षेपेक्षा लवकर गेल्याच्या नोंदी एकत्र केल्या, आणि पुढच्या वर्षी कंपनीने बॅटरीच्या क्षमतेचीही हमी दिली. एकट्या मालकाचे म्हणणे ‘तुमची चालवण्याची पद्धत’ म्हणून बाजूला सारता येते. एकाच पद्धतीने मोजलेले अनेकांचे आकडे तसे सारता येत नाहीत. म्हणून आमच्या गटात ठरावीक काळाने प्रत्येकाने किलोमीटर, तापमान आणि उरलेली क्षमता नोंदवावी असा प्रघात आहे. अशा महिन्यात गप्पा जवळजवळ नसतात, फक्त आकडे येतात, आणि मला तरी गटाचे तेच सर्वांत उपयुक्त दिवस वाटतात.

बंद पडलेल्या ब्रँडचा निष्ठावान

साब या स्वीडिश मोटार कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नव्या गाड्या जवळजवळ येणारच नव्हत्या, त्यामुळे बुकिंग आणि डिलिव्हरीची ती पहिली लाट आमच्या नशिबी पुन्हा येणार नव्हती. तरीही त्यानंतर आमच्या गटातले लेखन वाढले. सुट्या भागांचा व्यवसाय वेगळा राहून चालू राहिला, परंतु कोणता भाग किती दिवस मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती, आणि त्या धास्तीने माणसे एकत्र आली. कोणता सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या गाडीतही तोच आहे, कोणत्या पार्ट नंबरच्या जागी कोणता नंबर आला, कोणते प्लास्टिकचे क्लिप आता थ्रीडी प्रिंट करून घ्यावे लागतात, याची यादी सदस्यांनीच तयार केली आहे.

एका गटाचा माजी व्यवस्थापक

आतापर्यंत सगळ्यांनी गाडीच्या वयाबद्दल लिहिले. जागेच्या वयाबद्दलही बोलले पाहिजे. १९८० च्या दशकात यूजनेट या संगणकांवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेत मोटारींच्या चर्चा निव्वळ अक्षरांत होत. पुढे मेलिंग लिस्ट आल्या, मग विषयवार विभागांची चर्चास्थळे, मग फेसबुकचे गट, आणि आता व्हॉट्सॲप. प्रत्येक स्थलांतरात माणसे पुढे जातात आणि लिहिलेले मागे राहते. छायाचित्रे साठवणाऱ्या एका सेवेने आपले नियम बदलले, तेव्हा आमच्या गटातली दुरुस्तीची अनेक उत्तम वर्णने एका दिवसात चित्रांविना उरली. ‘फोटोत दाखवलेला बोल्ट आधी सैल करा’ हे वाक्य शिल्लक राहिले, बोल्ट गेला.

व्हॉट्सॲपच्या गटाची सदस्यमर्यादा २०२२ मध्ये २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. गर्दी वाढली, पण तिथे जुनी उत्तरे विषयवार लावलेली नसतात, म्हणून क्लच बदलण्याचा तोच प्रश्न वर्षभर फिरत राहतो. वर्दळ मोजली तर हा गट सर्वांत जिवंत ठरेल, आणि चार वर्षांनी त्यातून काय हाती लागेल असे विचारले तर फारच थोडे.

(वरील प्रतिसादाला) डिझेल गाडीची दुसरी मालकीण

आपले म्हणणे संग्रहापुरते मान्य आहे, पण रात्री रस्त्याच्या कडेला टेम्परेचरचा काटा लाल रेषेवर गेलेला असताना मला दहा मिनिटांत उत्तर हवे होते, आणि ते व्हॉट्सॲपवरच मिळाले. ‘इंजिन बंद करा, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका, पंख्याचा फ्यूज अमुक ठिकाणी आहे तो पाहा’ असे तिघांनी लगेच लिहिले. दोन्ही जागा लागतात. तिथले उपयुक्त उत्तर दुसऱ्या दिवशी कायमच्या जागी नोंदवणारे कोणीतरी हवे, एवढाच माझा आग्रह आहे.

गाडी विकूनही गटात राहिलेला सदस्य

संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडले होते : नव्वद टक्के सदस्य फक्त वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात आणि एक टक्का बहुतेक सगळे लिहितो. आमच्या गटाबद्दल मी एवढेच म्हणेन की, तो एक टक्का म्हणजे मोजकी माणसे होती. त्यातल्या प्रत्येकाने गाडी विकली की एक विषय पोरका होत असे. एकाच्या जाण्याने सस्पेन्शनची उत्तरे थांबली, दुसऱ्याच्या जाण्याने वायरिंगची. गटातली वर्दळ कमी होण्याचे मला दिसलेले सर्वांत मोठे कारण हेच आहे.

गाडी विकताना मी सर्व्हिसच्या पावत्यांबरोबर नव्या मालकाला गटाचा दुवा आणि या गाडीवर मी लिहिलेल्या सगळ्या नोंदींची यादी दिली, आणि पुढची नोंद त्यांनी त्याच जागी करावी असे सुचवले. त्यांनी ते केले. टायमिंग बेल्ट बदलल्याची ताजी नोंद, किलोमीटर आणि पार्ट नंबरसह, त्यांच्या नावाने तिथे आहे. आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदलावा का, या त्यांच्या प्रश्नावर मी कालच सविस्तर उत्तर लिहिले आहे.