मदत हवी आहे: कुत्रीचा गुडघा दुर्बिणीतून केला तर हाड कापणं टळतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. आमची चिमी लॅब्राडोर आहे, सहा वर्षांची, वजन 34 किलो. तीन आठवड्यांपूर्वी मांजरामागे धावताना ओल्या शहाबादीवर घसरली. तेव्हापासून मागचा उजवा पाय नुसता नखांवर टेकवते. बसतानासुद्धा तो पोटाशी घेत नाही, बाजूला लांब सोडते. बघवत नाही हो.

इथल्या डॉक्टरांनी भूल देऊन तपासलं. मांडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली, तर ती चक्क सरकली. क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा आतला पट्टा, तुटलंय म्हणाले. एवढ्या वजनाला टीपीएलओ नावाचं ऑपरेशनच करा, पुण्याला न्या. त्यात नडगी वरून गोल कापतात, फिरवतात आणि प्लेट बसवतात. ऐकूनच पोटात गोळा आला. माझ्या भावाचं लिगामेंट दुर्बिणीतून झालं, हाड असं कापावं लागलं नाही. पुण्यात एका ठिकाणी फोन केला तर "आम्ही दुर्बिणीने करतो" म्हणाले. मग चिमीचं हाड वाचेल का? आणि अडीचशे किलोमीटर परत आणायचं कसं? आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

प्रतिसाद:
ताई, आमच्या ब्रूनोचं झालंय, म्हणून सांगतो. दुर्बिणीने सांध्याच्या आत बघतात, मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला असेल तर तेवढा तुकडा काढतात. सांधा मोठा उघडावा लागत नाही, दुखणं कमी होतं. पण गुडघा घट्ट करणं हे वेगळं काम. कुत्र्याची नडगी वरून मागे उतरती असते, साधारण 25 अंश, म्हणून पाय टेकला की मांडीचं हाड मागे घसरतं. टीपीएलओत तो उतार 5 अंशांच्या आसपास आणतात. ते हाड कापल्याशिवाय होत नाही. तेव्हा स्पष्ट विचारा: नुसती दुर्बीण, की दुर्बीण आणि टीपीएलओ दोन्ही? बाहेरून नायलॉनचा धागा घालायची पद्धतही आहे, पण वजनदार कुत्र्यात तो सैल पडू शकतो.

येताना मागच्या सीटखालची पोकळी गादीने भरा. जिन्यावर आपली सोलापुरी चादर घडी करून पोटाखालून घ्या आणि मागचा भाग उचलून धरा. आम्ही दोन महिने तसंच केलं. आठ आठवड्यांनी एक्स-रे होईपर्यंत पट्ट्याशिवाय सोडायचं नाही. वजन आत्तापासून उतरवा, बऱ्याच कुत्र्यांचा पुढे दुसराही गुडघा जातो.

धागाकर्ती:
दादा, फार आधार वाटला. उद्या सकाळी फोन करून हेच विचारते. शहाबादीवर आत्ताच सतरंज्या अंथरल्या. ब्रूनोने पाय पूर्ण टेकायला किती दिवस घेतले?