एमआरएनए तेवढाच, तरी प्रथिन कमी

वय वाढलं की जनुकं मंदावतात, म्हणून मेंदूतली प्रथिनं घटतात, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. किलीफिश या जेमतेम काही महिने जगणाऱ्या माशाच्या म्हाताऱ्या मेंदूवरचं संशोधन २०२५ मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलं. ते मला फार मोलाचं वाटतं. तिथे कित्येक जनुकांचा एमआरएनए, म्हणजे जनुकातली प्रथिन बनवायची सूचना वाहून नेणारी प्रत, जवळपास तेवढाच राहतो, प्रथिन मात्र कमी होतं. म्हणजे गडबड पुढच्या टप्प्यावर, ती सूचना वाचून अमिनो आम्लांची साखळी जोडत प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोम या यंत्रापाशी. आर्जिनिन आणि लायसिन ही धनभारित अमिनो आम्लं जोडताना रायबोसोम अडखळतो, मागून येणारे रायबोसोम त्याच्यावर येऊन आदळतात, साखळी अर्धवट सुटू शकते. आणि खरी काळजीची गोष्ट अशी, की खुद्द रायबोसोमच्या प्रथिनांमध्येच ही दोन आम्लं भरपूर असतात. त्यामुळे यंत्रणा स्वतःचेच सुटे भाग पुरेसे बनवू शकत नाही. डीएनए-आरएनएला बांधली जाणारी प्रथिनंही यातच सापडतात.

यीस्ट आणि कृमींमध्ये असं अडखळणं २०२२ मध्येच दिसलं होतं. मेंदूतल्या चेतापेशी तर विभागत नाहीत, त्यामुळे साचलेली बिघडलेली प्रथिनं नव्या पेशींत वाटली जाण्याची सोयही त्यांना नाही. माणसाच्या मेंदूबद्दलचा दावा वाचताना नुसता एमआरएनए मोजलाय की प्रथिनंही, ते आधी बघा.