जर्मनीतलं 'फुकट' शिक्षण: हा शब्द आता पुरे

कृष्णाकाठ_ते_एल्बे

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, मेकॅनिकलवाला. मास्टर्सला पूर्व जर्मनीत आलो, आता इथंच नोकरी करतो. आठवड्याला एक तरी फोन येतो, कुणाच्या मावसभावाच्या मित्राचा: "दादा, जर्मनीत शिक्षण फुकट आहे ना?" दरवेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून हा धागा.

फी नाही, हे बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरतं खरं. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ आपल्या हातात पडतात. शंभराचा युरो धरा, बारा लाख झाले. एपीएस प्रमाणपत्र (आपली भारतातली कागदपत्रं खरी आहेत याचा दाखला) नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे. आरोग्यविमा महिन्याला एकशेचाळीस युरोच्या पुढे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून आपल्यासारख्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावलेत.

एवढं एजंटही सांगतो, जरा हळू आवाजात. तो जे सांगत नाही ते म्हणजे लांबणारी वर्षं. चार सत्रांचा कोर्स मला सात सत्रं लागला. पहिलं सत्र खोलीच्या भानगडीतच गेलं. पोटभाडेकरू म्हणून राहिलो होतो आणि मालक काही केल्या 'हा माझ्याकडे राहतो' असं पत्र देईना. ते पत्र नाही तर पालिकेत पत्त्याची नोंदणी नाही. नोंदणी नाही तर टॅक्स आयडी नाही, व्हिसा वाढवायचा अर्ज नाही. त्यात बँकेचा पिन पोस्टानं येणार होता, तो दोनदा परत गेला. इथं फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो, आणि पेटीवर माझं नावच नव्हतं. शेजारच्या आजींनी हातवारे करून समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चिकटपट्टीवर पेननं नाव लिहून लावलं, तिसऱ्यांदा पिन आला.

तोवर परीक्षेच्या नोंदणीची मुदत संपली होती. इथं वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही, प्रत्येक विषयाची नोंदणी पोर्टलवर आपण करायची. कुणी आठवण करत नाही. पुढे पैसे कमी पडले म्हणून गोदामात रात्रपाळी धरली, आणि एक विषय दोनदा नापास झालो. बहुतेक कोर्सना तीनच संधी असतात. तिसरी हुकली की नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही शिकता येत नाही. त्या तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी काय होतो ते घरी आजही सांगितलेलं नाही.

जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. 'फुकट' म्हणू नका, एवढंच. घरी बापाला दोन वर्षांचा आकडा सांगू नका, तीनचा सांगा.

चिंचवडची_आई

तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं, पण धागा पटला नाही. माझा भाचा अमेरिकेला गेला तो पन्नास लाखांचं कर्ज काढून, घर तारण ठेवून. बहिणीच्या घरात आजही बोलणं सुरू होतं ते हप्त्यापासून आणि संपतं डॉलरच्या भावाशी. माझा मुलगा जर्मनीत आहे. यांच्या पीएफमधले थोडे आणि माझ्या दोन बांगड्या, एवढ्यात भागलं. ब्लॉक्डमधले पैसे तर त्याचे त्यालाच महिन्याला मिळतात, कुणी खाऊन टाकत नाही. तीन वर्षं लागली तरी आमच्यासारख्यांना हेच परवडतं. फुकट म्हणजे शून्य रुपये असं कोणती आई समजते हो?

अवांतर: पहिल्या सत्रात फोनवर म्हणाला, "आई, १.३ मिळाले." माझ्या पोटात गोळा. कितीपैकी, असं विचारलं तर हसायलाच लागला. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी गणपतीला नवस बोलून बसले होते.

कृष्णाकाठ_ते_एल्बे

काकू, कोणती आई समजते विचारलंत म्हणून सांगतो: माझी. १.३ वाला तुमचा मुलगा हुशार आहे. मी ३.७ वाल्यांच्या वतीनं बोलतोय.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवू, गणित करू. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं (आधी १२०/२४० होतं). १४० गुणिले ८ म्हणजे १,१२० तास. २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो. गुणाकार १४,३५८ युरो. ब्लॉक्डपेक्षा जास्तच! म्हणजे पहिल्या वर्षाचे घरून, पुढचं मुलानं स्वतः. कोर्स झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने राहता येतं ते वेगळंच. अमेरिकेत कॅम्पसबाहेर काम करायची इतकी मोकळीक आहे का? धागाकर्त्यांचं नियोजन फसलं, त्याचं खापर व्यवस्थेवर फोडू नये. (हलके घ्या.)

देर_डी_दास

हिशेबनीस, गुणाकार बरोबर आहे, काम कुठं आहे ते सांगा. पुण्यात बारा वर्षं जर्मन शिकवतेय. माझ्याकडे जूनमध्ये मुलं येतात, "मॅडम, सप्टेंबरला फ्लाइट आहे, ए-वन करून द्या." ए-वन म्हणजे भाषेची अगदी पहिली पातळी. कोर्स इंग्रजीत आहे, भाषा कशाला हवी, असं त्यांना सांगितलेलं असतं. कोर्स इंग्रजीत असतो हो, पण घरमालक, पालिकेतली बाई, डॉक्टर, बेकरीवाला आणि मुलाखत घेणारा, हे सगळे जर्मनमध्ये असतात. भाषा न येणाऱ्याला मिळतात ती गोदामं आणि भांडी घासायची कामं, तीही मोठ्या शहरांत. भाषा येणारा विद्यार्थी कंपनीत वेर्कस्टुडंट (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा) म्हणून लागतो, आठवड्याच्या वीस तासांत अनुभव आणि बरे पैसे दोन्ही मिळवतो, आणि पुढची नोकरी बऱ्याचदा त्याच कंपनीत लागते. रोज दोन तास बसणाऱ्यालाही बी-टूपर्यंत (चौथ्या पातळीपर्यंत) यायला दीड वर्ष सहज लागतं. मुलं हे दीड वर्ष इथं वाचवतात आणि तिथं तीन सत्रं घालवतात. कृष्णाकाठ, तुम्ही निघताना किती शिकला होतात?

कृष्णाकाठ_ते_एल्बे

ए-वन. तेही सहा आठवड्यांचं. बोला आता.

देर_डी_दास

मग मालकानं पत्र का दिलं नाही ते तुम्ही त्याला नीट विचारू तरी शकला होतात का?

कृष्णाकाठ_ते_एल्बे

नाही. त्याच्याच मालकाची परवानगी न घेता तो मला ठेवत होता, हे मला वर्षभरानं कळलं. मॅडम, हा तुमचा मुद्दा मान्य. पण मग 'भाषेचे दीड वर्ष' हेसुद्धा हिशेबात धरा की! दोन वर्षांचा कोर्स अधिक दीड वर्ष भाषा, की दोन अधिक दीड वर्ष नापासी? बेरीज तीच.

वऱ्हाडी_बाणा

पुण्याच्या लोकांनी 'आधी भाषा शिका' म्हणणं लय सोपं आहे. रानडे इन्स्टिट्यूट तुमच्याच गावात, मॅक्स म्युलर भवन तुमच्याच गावात. मी यवतमाळ जिल्ह्यातला. गावात लाइट असली तर मोबाइलवर क्लास, नाही तर 'इश कोमे आउस इंडियेन' अंधारात. पुण्यात राहून शिकायचं तर खोलीभाडं, मेस, क्लासची फी. तो खर्च कोणाच्या फुकटात धरायचा?

शिष्यवृत्तीचंही सांगतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, चांगली आहे, पण तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट. क्रमवारीत वर असलेलं विद्यापीठ आमच्यासारख्याला प्रवेश देत नाही, आणि जे देतं ते यादीत बसत नाही. त्यामुळे फी नसलेलं लहान गावातलं विद्यापीठ हाच आमचा रस्ता. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. पुढे लंडनला शिकताना त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. आमच्याकडे पोरं हे फोटोखाली उभं राहून सांगतात. त्यांना 'तीन वर्षांचा आकडा सांगा' म्हटलं तर बाप नाहीच म्हणेल. दोनचा सांगून निघालेला पोरगा कमीत कमी निघतो तरी.

कृष्णाकाठ_ते_एल्बे

भाऊ, इथंच माझं आणि तुमचं भांडण. खोटा आकडा सांगून निघालेला पोरगा तिसऱ्या वर्षी घरी फोनच करत नाही. मी तशी दोन मुलं पाहिलीत.

वऱ्हाडी_बाणा

आणि मी न निघालेली पन्नास पाहिलीत.

राइनकाठी

मी सध्या नॉर्थ राइन-वेस्टफालियात, तिसरं सत्र. इथं सगळे पैसे आणि कागद यांवरच बोलताहेत, शिकण्याबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहितेय.

इथं पेपर तपासून झाल्यावर 'आइनझिख्ट' असते. ठरलेल्या दिवशी जायचं, आपली उत्तरपत्रिका समोर ठेवतात, बघा म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात थरथरत होते. एका गणितात पद्धत बरोबर होती, शेवटी चिन्ह चुकलेलं, आणि शून्य दिलं होतं. मी घाबरत दाखवलं. प्राध्यापकांनी वाचलं, "स्टिम्ट" म्हणाले, म्हणजे बरोबर आहे, आणि तिथल्या तिथं पेन्सिलीनं चार गुण लिहिले. बी.ई.ला असताना मी पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरला होता, पैसे भरले होते, निकाल आला तोवर पुढची परीक्षा होऊन गेलेली. त्या चार गुणांनी माझी श्रेणी बदलली नाही. पण बाहेर येऊन मी बाकावर बसून रडले, त्याचं कारण आईला फोनवर समजावता आलं नाही.

हजेरी नाही, सबमिशनच्या फायली नाहीत, जर्नलवर सह्या नाहीत. सत्राच्या शेवटी एकच पेपर. हे मोकळेपण कृष्णाकाठ यांना बुडवून गेलं, मला त्यानं पहिल्यांदा अभ्यास शिकवला. आता मी विभागातच हिवी (विद्यार्थी-सहायक) आहे, प्रयोगशाळेत आठवड्याला दहा तास. दादा, एकटेपणाचं तुम्ही थेट लिहिलं नाहीत पण ते दिसतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, तेव्हा मलाही होतं. त्याला उपाय माझ्याकडे नाही. कुकर लावते, शिट्टी ऐकली की बरं वाटतं.

हिशेबनीस

खासगी विद्यापीठांचं कुणी काढलं नाही. बर्लिनच्या आसपास काही अशी आहेत, वर्षाला दहा-बारा हजार युरो फी. एजंटला कमिशन यांच्याकडून, सरकारी विद्यापीठ छदामही देत नाही. तो 'जर्मनी फुकट' म्हणून पोराला आत घेतो आणि 'तुझ्या मार्कांना सरकारी मिळणार नाही' म्हणून तिकडे वळवतो. या एका बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूनं. बाकी माझा गुणाकार कायम.

देर_डी_दास

+१. आणि गुणाकार जर्मनमध्ये करून दाखवा.

निघालोय_एकदाचा

नवीन सदस्य आहे, धागा वाचून झोप उडाली. २ ऑक्टोबरचं विमान आहे, केम्निट्झला. वसतिगृहाच्या यादीत नंबर बराच खाली आहे. खोली नाही. ए-टू झालंय. जाऊ की पुढच्या सत्राला जाऊ?

कृष्णाकाठ_ते_एल्बे

जा. खोली बघायला गेलास की भाडं नंतर विचार, आधी नोंदणीचं पत्र देणार का ते विचार. नाही म्हणाला तर कितीही स्वस्त असो, निघ तिथून. विद्यापीठाच्या पोर्टलवर परीक्षा-नोंदणीची तारीख आल्याच्या दिवशी भिंतीवर लिही. मी तासाभराच्या अंतरावर आहे, दोन आठवडे माझ्या सोफ्यावर झोपू शकतोस. व्यनि (खासगी निरोप) कर.

चिंचवडची_आई

बघा, शेवटी तुम्हीच त्याला 'जा' म्हणालात. बाळा, गोडा मसाला दोन पिशव्यांत बांध, हातातल्या बॅगेत मात्र नको.

निघालोय_एकदाचा

व्यनि केलाय दादा. आडनाव लांब आहे, पेटीवर मावेल ना?