पतसंस्थेसारख्या लहान संस्थेलाही लेखी संवाद-आराखडा लागतो का?

प्रश्न (सचिव, ग्रामीण पतसंस्था)

नमस्कार. आमच्या संस्थेच्या तीन शाखा आहेत. गेल्या महिन्यात, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, 'संस्था बुडाली' असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरला आणि अकरा वाजेपर्यंत मुख्य शाखेची रांग रस्त्यावर आली. घडले होते इतकेच की, सॉफ्टवेअर बदलायचे असल्याने आदल्या दुपारी पैसे देणे थांबवले होते, आणि तशी सूचना दारावर कोणी लावायची हे ठरलेलेच नव्हते. अध्यक्ष परगावी होते, व्यवस्थापक फोन उचलत नव्हते. एका आजींनी "माझ्या पैशाला विमा आहे का रे?" असे विचारले, तेव्हा खिडकीवरच्या मुलाने धीर द्यायचा म्हणून "आहे, ५ लाखांपर्यंत" असे सांगून टाकले. रांगेतल्या एका शिक्षकांनी ते तिथेच खोडून काढले आणि त्यानंतर आमच्या खऱ्या बोलण्यावरही कोणाचा विश्वास बसेना. अशा वेळी कोणी, कोणाला, काय सांगायचे याच्या लेखी आराखड्याचा विषय संचालक मंडळात काढला, तर "ही मोठ्या कंपन्यांची कामे" असे उत्तर मिळाले. आपले मत हवे आहे.

उत्तर (निवृत्त शाखाधिकारी)

त्या मुलाला दोष देऊ नका. ५ लाखांचे विमासंरक्षण २०२० पासून आहे, पण ते बँकांतील ठेवींना. पतसंस्थांना ते लागू नाही, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. एप्रिल २००३ मध्ये गुजरातेत आयसीआयसीआय बँकेविषयी अफवा उठली आणि एटीएमपुढे गर्दी लोटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने स्वतः निवेदन काढून बँकेकडे पुरेसा पैसा असल्याचे सांगितले आणि रोकडही पोहोचवली गेली. तुमच्यासाठी रिझर्व्ह बँक बोलणार नाही. म्हणून अशा वेळी तुमच्या बाजूने बाहेरचे कोण बोलू शकेल, सहकार खात्याचे निबंधक कार्यालय की लेखापरीक्षक, हे आधीच विचारून ठेवावे लागते. लहान संस्थेला आराखड्याची गरज उलट अधिक आहे, असे मला वाटते.

उत्तर (ठेवीदार)

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्या गावातल्या एका पतसंस्थेचे अध्यक्ष अखेरच्या आठवड्यापर्यंत अतिशय सफाईने ग्वाही देत होते आणि माझ्या वडिलांची निवृत्तीची रक्कम त्यातच अडकली. तेव्हापासून संस्थेने बोलायचे कसे याची योजना आखली आहे असे ऐकले की मला धास्तीच वाटते. आराखडा करायचाच असेल, तर संकटात काय बोलायचे यापेक्षा एरवी काय दाखवायचे हे त्यात आधी येऊ द्या: थकबाकी किती, हातात रोकड किती, लेखापरीक्षणाचा वर्ग, म्हणजे लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेली श्रेणी, कोणता. वर्षभर गप्प बसलेल्या संस्थेने रांग लागल्यावर आकडे सांगितले, तर ते कोणी ऐकत नाही.

उत्तर (जनसंपर्क क्षेत्रातील)

वरील मुद्दा मला मान्य आहे. २००३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या, तेव्हा कंपनीने सुरुवातीला दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवले. पुढे वेष्टन बदलले, विक्रेत्यांसाठी मोहीम काढली आणि मगच अमिताभ बच्चन यांची जाहिरात केली. प्रत्यक्ष बदल आधी झाला म्हणून जाहिरातीला वजन आले. तुमच्या आराखड्याला दोन पाने पुरेत, पण ती खिडकीवरच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजेत, कारण लोकांच्या लेखी संस्था म्हणजे तोच.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपल्या सर्वांचा आभारी आहे. पहिले पान आजींच्या प्रश्नानेच सुरू करतो: "विमा नाही, आपली ठेव कोठे गुंतवली आहे ते मात्र दाखवतो." आमचा लेखापरीक्षण वर्ग 'ब' आहे आणि तो दर्शनी फलकावर लावावा की नाही यावर संचालकांत दोन मते आहेत.

उत्तर (ठेवीदार)

लावा. मागच्या वर्षी कोणता होता, तेही शेजारी लिहा.