मुलगी सोफोमोर (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला) आहे, ऑर्गॅनिकमध्ये सी आलाय, आता म्हणते डेंटलला जाते

एडिसनची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी इथेच न्यू जर्सीत स्टेट युनिव्हर्सिटीत सोफोमोर आहे, बायॉलॉजी मेजर, प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जायच्या तयारीत. शाळेत कायम वरच्या नंबरात, पण या फॉलला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी आला आणि पोरगी पार खचलीये. मेडिकल आपल्याच्यानं होणार नाही, डेंटलला जाते म्हणते. नातेवाईक पण तेच सांगतात, डेंटल सोपं, रात्रीची ड्युटी नाही, घर सांभाळून होतं. आम्ही दोघं इंजिनियर, आमच्या वेळी आपल्याकडे बारावी झाली, सीईटी दिली, की एमबीबीएस, इथलं हे आधी चार वर्षं डिग्री मग परत चार वर्षं आमच्या डोक्यावरून जातं. तिची अॅडव्हायजर म्हणते मध्ये एक गॅप इयर घ्या. सासूबाई म्हणतात वर्ष कशाला वाया घालवता, पुण्याला पाठवा, एनआरआय कोट्यातून होऊन जाईल. रोज घरी यावरून वाद होतायत. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

जर्सी_डॉक:
ताई, मी इंटर्नल मेडिसिनमध्ये आहे. एका सी नं काही दार बंद होत नाही, हे तिला आधी सांगा. सी आला म्हणून तोच कोर्स परत घ्यायला लावू नका, बहुतेक कॉलेजांना सी चालतो, आणि अॅमकॅसमध्ये, म्हणजे मेडिकलचा जो कॉमन अर्ज असतो त्यात, दोन्ही ग्रेड धरतात, जुनी पुसली जात नाही. त्यापेक्षा ऑर्गॅनिक टू आणि बायोकेमिस्ट्रीत चांगलं करू दे, चढता आलेख बघतात लोक. पण एक स्पष्ट सांगतो, बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढतात, त्यामुळे एका सेमिस्टरला तीन लॅबवाले कोर्स घेऊन स्वतःला मारून घेऊ नये. दरवर्षी साधारण ५२ हजार जण अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास एमडीला (इथली मेडिकलची पहिली डिग्री) लागतात, त्यांचा एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, सरासरी स्कोअर ५११-५१२, जीपीए ३.७ च्या वर. म्हणजे सरासरी, कट-ऑफ नव्हे, हा फरक आपल्या लोकांना समजावून समजावून मी थकलो.

दातांची_डॉक्टर:
मी सेंट्रल जर्सीत जनरल डेंटिस्ट आहे. ताई, ऑर्गॅनिकला घाबरून डेंटलला येत असेल तर थांबवा तिला. डॅटमध्ये, म्हणजे डेंटलच्या प्रवेश परीक्षेत, ऑर्गॅनिकचे वेगळे ३० प्रश्न असतात आणि त्याचा स्कोअर वेगळा दिसतो. उलट एमकॅटमध्ये ऑर्गॅनिक एका सेक्शनमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात ५, बस. डॅटला फिजिक्स नाही हे खरं, पण पर्सेप्चुअल अॅबिलिटी नावाचा भाग आहे, घडी घातलेल्या कागदाला भोकं पाडली तर उघडल्यावर कुठे दिसतील असले प्रश्न, ते भल्याभल्यांना जमत नाहीत. आणि स्कोअरची पद्धत मार्च २०२५ पासून बदलली, आता २०० ते ६०० अशी आहे, जुन्या ताई-दादांचे विशीतले आकडे ऐकून तुलना करू नका.

तिला खरंच डेंटल हवंय का हे बघायचं तर क्लिनिकमध्ये आख्खा दिवस उभी करा, क्लीनिंग बघायला नको, रूट कॅनल बघू दे, दाढ काढताना बघू दे. वरच्या मागच्या दाढेवर काम करताना आम्ही दात सरळ बघतच नाही, छोट्या आरशात बघून हात उलटा चालवायचा, त्यात पेशंटची जीभ मध्ये मध्ये येते, पाणी उडून आरसा धूसर होतो, आणि मान तासभर त्याच कोनात. हे बघून तिला हातात घ्यावंसं वाटलं तर आनंदाने या, फार सुंदर काम आहे, दुखत आलेला माणूस हसत जातो. पण सोपं म्हणून नको.

आणि पैशाचं आत्ताच बघा. १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. बऱ्याच प्रायव्हेट डेंटल कॉलेजांची नुसती फी त्याच्या वर जाते. स्टेट कॉलेज यादीत वर ठेवा.

स्क्राइब_ताई:
काकू, मी सध्या गॅप इयरमध्येच आहे म्हणून लिहितेय. वर्ष वाया जातं असं प्लीज तिच्यासमोर बोलू नका, आमच्यासारख्यांना ते फार लागतं. मेडिकलला लागणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं कॉलेजनंतर किमान एक वर्ष थांबलेली असतात. सरळ जायचं असेल तर ज्युनियर इयर, म्हणजे तिसरं वर्ष, संपल्यावरच्या उन्हाळ्यात अर्ज जायला हवा, म्हणजे त्याआधी फिजिक्स, बायोकेम, एमकॅट, शॅडोइंग (डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम बघणं), प्रोफेसरांची पत्रं सगळं, वर ग्रेड पण सांभाळायच्या. मी ईआरमध्ये, म्हणजे इमर्जन्सीत, स्क्राइब आहे, डॉक्टर बोलतात ते टाइप करते. एका आजोबांची वाईट बातमी कळवायची होती घरच्यांना, तर डॉक्टरांनी आधी पडदा ओढला, पायानं स्टूल जवळ घेतलं, खाली बसल्या आणि मगच बोलायला लागल्या. इतकी घाई असते तिथे, तरी बसल्या. मला डॉक्टर का व्हायचंय याचं उत्तर लायब्ररीत बसून सापडलं नसतं.

पुणे_३८:
सासूबाईंचं म्हणणं मनापासून असणार, पण इकडे पण नीट ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, एनआरआय सीटला सुद्धा, आणि ती अकरावी-बारावीच्या सिलॅबसवर, इथली मुलं दोन-दोन वर्षं क्लास लावून तेच घोकतात. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग परत तिकडे जायचं तर यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा आणि मॅच, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळवायची प्रक्रिया.

जर्सी_डॉक:
+१. मॅचमध्ये इथल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९० टक्क्यांच्या वर लागतात, बाहेर शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७-६८. भारतात शिकून आलेले उत्तम डॉक्टर माझ्याबरोबर आहेत, पण इथे वाढलेल्या मुलीला मुद्दाम त्या रस्त्यानं कशाला पाठवायचं. डेंटलला तर बीडीएस करून आलं तरी इथे बहुतेक राज्यांत परत दोन-तीन वर्षं कॉलेज करावं लागतं.

एडिसनची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे, तिला वाचून दाखवलं. ऑर्गॅनिकचे ३० प्रश्न ऐकून गप्पच झाली, मग म्हणाली दोन्हीकडे शॅडो करते. एकच विचारते, फिजिक्स उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये केलं तर चालेल का, स्वस्त पडतं.

जर्सी_डॉक:
एखादा कोर्स चालतो बऱ्याच ठिकाणी, पण काही कॉलेजांना चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीतलंच लागतं, जिथे अर्ज करणार त्यांच्या साइटवर बघून घ्या. आणि उन्हाळ्यात फिजिक्सचे दोन्ही कोर्स सलग कोंबू नका, एकच घ्या, उरलेल्या वेळात तिला पेशंट असतील तिथे जाऊ दे.

दातांची_डॉक्टर:
माझ्या क्लिनिकला पाठवा हवं तर, शनिवारी रूट कॅनल जास्त असतात. मेसेज करा ताई.