वाचनालयाची इमारत युनेस्कोच्या वारसा पुरस्काराला पाठवायची आहे

प्रश्न: गावातल्या ९० वर्षं जुन्या वाचनालयाचं जतनकाम नुकतंच संपलंय. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारासाठी लगेच अर्ज करता येईल का?

चुना-वीट: लगेच नाही. वास्तू ५० वर्षांहून जुनी हवी, ती अट तुम्ही पूर्ण करता. पण काम संपल्यावर किमान एक वर्ष ती वापरात असावी लागते. तोवर नकाशे, मालकाचं संमतिपत्र, फोटो जमवा. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेवरून, एकाच कोनातून हवेत. आधीचे नसतील तर अर्ज लंगडा पडतो.

दगडीचौकट: भिंतींना सिमेंटचा गिलावा तर केला नाही ना? चुन्यातल्या बांधकामात त्याने ओल कोंडते, क्षार वर येतात, वीट सोलवटते. पावसाळ्यानंतर जोत्याजवळचा भाग आवर्जून तपासा. तिथे पोपडे असतील तर आधी गिलावा काढून चुन्याचा करा, मगच अर्ज.

भायखळेकर: नुसत्या रंगरंगोटीवर भागत नाही. २०२२ मध्ये भायखळा स्टेशनला याच पुरस्कारांतला 'मेरिट' हा सन्मान मिळाला, ते तर रोज गाड्या धावणारं स्टेशन! वाचनालय कोण, कधी, कसं वापरतं हेही अर्जात सविस्तर लिहा.