रहिवाशांसाठी सूचनापत्र: घरी येणाऱ्या कष्टकऱ्यांशी सौजन्याने वागा, म्हणजे नेमके काय लिहावे?

प्रश्न: कर्वेनगरवासी

आमच्या कर्वेनगरमधील सोसायटीत मागील कार्यकारिणीने लावलेली एक सूचना अजूनही लिफ्टशेजारी आहे. घरकाम करणाऱ्या महिला, पार्सल पोहोचवणारी मुले आणि कचरा नेणाऱ्या ताई यांनी फक्त मागची, सामानाची लिफ्ट वापरावी, असे त्यात म्हटले आहे. ती लिफ्ट वरचेवर बंद असते, आणि मग पाण्याचा जार खांद्यावर घेऊन पाचवा मजला चढणारा माणूस आम्ही सगळेच पाहतो. ही सूचना काढून टाकण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. त्यासोबत घरोघरी देण्यासाठी एकपानी सूचनापत्र तयार करण्याचे कामही कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे.

अडचण अशी की, "सर्वांशी नम्रपणे वागावे" असे लिहिले तर त्याला कोणीही हरकत घेणार नाही आणि त्यामुळे काही बदलणारही नाही. आमच्याकडे कोणी शिवीगाळ करत नाही. जे घडते ते यापेक्षा बारीक आहे: ओटीपी सापडेपर्यंत माणसाला दारात ताटकळत ठेवायचे, फोनवर बोलता बोलता बोटानेच "तिथे ठेव" अशी खूण करायची, आणि पहारेकऱ्याचे नाव वर्षानुवर्षे विचारायचेही नाही. माझ्या मते, समोरच्याच्या वेळेचा आणि शरीराला पडणाऱ्या कष्टाचा आधीच विचार करून ठेवणे हे गोड बोलण्यापेक्षा मोठे सौजन्य आहे. तेव्हा त्या पानावर कोणत्या ठोस गोष्टी असाव्यात? ज्यांनी अशी कामे केली आहेत किंवा जवळून पाहिली आहेत, त्यांनी आवर्जून लिहावे.

उत्तर: तळजाई पायथा

कचऱ्यापासून सुरुवात करा, कारण रोज न चुकता दारात येणारी व्यक्ती तीच आणि तिच्याविषयीच आपण सर्वांत कमी विचार करतो. पुण्याच्या अनेक भागांत घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या महिला 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली आणि 2008 साली महापालिकेशी झालेल्या करारानंतर तिचे काम शहरभर पसरले. आपण दरमहा देतो ते शुल्क म्हणजे त्यांची मजुरी आहे, हे सूचनापत्रात स्पष्ट लिहा. "सुट्टे नाहीत, उद्या या" असे सांगून त्यांना त्याच दारात पुन्हा पुन्हा बोलावणे म्हणजे केलेल्या कामाचे पैसे अडवून धरणेच आहे.

मात्र पैशांपेक्षाही वर्गीकरणाबद्दल अधिक सविस्तर लिहावे. आमच्या गेटजवळ ताई सुका कचरा ताडपत्रीवर ओततात आणि हाताने निवडतात: दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठे दुसरीकडे, बाटल्यांची झाकणे आणखी तिसरीकडे. हातमोजे घातले तरी फुटलेल्या काचेचा तुकडा किंवा दाढीचे पाते त्यातून आत शिरते. म्हणून काच आणि पाते जाड कागदात गुंडाळून, वेगळे हातात द्यावे आणि आत काय आहे ते तोंडानेही सांगावे. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून देणे हे 2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगितलेले आहे. पण नुसते गुंडाळून भागत नाही. खूण नसलेल्या पुडक्यात काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि ते उघडण्याची वेळ त्या ताईंवर येते. वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठळक लाल ठिपका काढला, तर ते पुडके कोणालाही उघडावे लागत नाही. ओला कचरा निथळून द्यावा. पिशवीतून जिनाभर आमटी ठिबकली, की जिना पुसायला तिलाच सांगितले जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे आणि ते मला सहन होत नाही.

उत्तर: बाणेर रहिवासी

हेतू चांगला आहे, पण लिफ्टबाबत मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. दोनशे-तीनशे घरांच्या संकुलात दिवसभर अनोळखी माणसे ये-जा करतात. घरी एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक असतात. प्रवेशद्वारावर नोंद करणे आणि येणाऱ्याची ओळख तपासणे यात कोणाचा अपमान आहे असे मी मानत नाही, आणि सौजन्याच्या नावाखाली ही व्यवस्था ढिली होऊ नये.

उत्तर: सदाशिव पेठ, अभ्यासिका

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि संध्याकाळी जेवणाची पार्सले पोहोचवतो. वर बाणेरच्या सरांनी मांडलेला मुद्दा मला मान्य आहे. नोंदीला आमची हरकत नसते. नाव, फोन नंबर, कोणत्या घरी जायचे ते सगळे आम्ही सांगतो. पण गेटवर एकदा तपासून आत सोडलेला माणूस कोणत्या लिफ्टने वर गेला यावरून सुरक्षा कशी वाढते, हे मला समजलेले नाही. नोंद ही सगळ्यांची व्हावी: घरी आलेल्या पाहुण्याची आणि माझीही. लिफ्टची सूचना मात्र फक्त काम करणाऱ्यांसाठी असते, आणि म्हणूनच ती टोचते.

कर्वेनगरच्या काकूंना किंवा काकांना (नावावरून कळत नाही, क्षमस्व) काही गोष्टी सुचवतो. ऑर्डर दिल्यावर फोन हाताशी ठेवावा. खाली उभे राहून चार वेळा फोन लावावा लागतो तेव्हा पुढच्या घरचे जेवण गार होत असते, आणि त्या घरचा रागही आम्हालाच ऐकावा लागतो. पत्त्यात विंग आणि मजला लिहावा. सोसायटीने प्रत्येक विंगचे अक्षर रात्री दिसेल एवढे मोठे लावले, तर निम्मी कटकट तिथेच संपेल. रोख रक्कम द्यायची असेल तर ती मोजून ठेवावी. पावसात रेनकोटमधून पाणी गळत असताना "आत येऊ नका, फरशी ओली होईल" असे कोणी म्हटले तर त्याचे वाईट वाटत नाही, कारण फरशी खरेच ओली होते. पण हेच सांगताना दार लोटून घेऊन फटीतून हात बाहेर काढला जातो, तेव्हा मन खट्टू होते. हॉटेलने पदार्थ चुकवला असेल तर तक्रार जरूर करावी. मात्र पिशवी सीलबंद असते आणि ती आम्ही उघडू शकत नाही, एवढे लक्षात घेऊन मग आम्हाला गुण द्यावेत. त्या गुणांचा आमच्या पुढच्या कामावर परिणाम होतो.

बक्षिसी दिली तर आनंदच आहे, पण कोणी पाणी विचारले तर त्या दिवशी अभ्यासिकेत परतताना थकवा कमी वाटतो. हे मी मनापासून लिहितो आहे.

उत्तर: निवृत्त वाहक, पीएमटी

पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा 2007 साली एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, त्याच्या आधीपासून मी तिकिटे फाडली आहेत. सुट्ट्या पैशांचे भांडण मी आयुष्यभर पाहिले, म्हणून तळजाईच्या सदस्यांच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

मला एका गोष्टीची भर घालायची आहे. एखाद्याचे काम चुकले तर ते सांगावे, आणि स्पष्ट सांगावे. स्पष्ट बोलणे हा आपल्या शहराचा स्वभाव आहे आणि त्याचे मला कधी वावडे नव्हते. परंतु तेच बोलणे चारचौघांत, आवाज चढवून आणि एकेरीवर येऊन केले, तर ऐकणाऱ्याला कामातली चूक कळतच नाही, फक्त अपमान कळतो. शिवाय त्याला उलट उत्तर देण्याची मुभा नसते. गणवेश अंगावर असताना मला ती नव्हती. प्रवाशाला बाजूला घेऊन "अहो, असे नाही, असे आहे" म्हणणे मला जमायचे, कारण आमच्या एका वरिष्ठांनी आमच्याशी तसेच बोलून आम्हाला ते शिकवले होते. तुमच्या पानावर एवढे लिहा की तक्रार असल्यास ती कार्यालयात, कामाच्या तपशिलासह नोंदवावी आणि वयाने मोठ्या माणसाला, मग तो कोणत्याही कामावर असो, अहो-जाहो करावे.

उत्तर: एरंडवणे, जुनी चाळ

घरकाम करणाऱ्या बायकांविषयी वर फारसे आले नाही, म्हणून लिहिते. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. तरीही आठवड्याची सुट्टी ही अजून मालकिणीच्या मर्जीवरच असते, आणि मूल तापाने फणफणले म्हणून झालेला खाडाही पगारातून कापला जातो. सुट्ट्या किती, त्या पगारी आहेत का, आणि दिवाळीची पोस्त किती, हे कामाला ठेवतानाच ठरवून दोघींनी लिहून ठेवावे. असे केले की दर वेळी विनवणी करण्याची वेळ तिच्यावर येत नाही. पोस्त म्हणून वापरलेली साडी देऊ नये; द्यायचीच असेल तर ती वेगळी, तिला विचारून द्यावी.

दुसरी गोष्ट कपाची. अजूनही काही घरांत कामाच्या बाईंचा कप खिडकीत किंवा मोरीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवलेला असतो, कान तुटलेला किंवा टवका उडालेला. महात्मा फुले यांनी 1868 साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. तो हौद त्याच वाड्यात आजही पाहता येतो. ज्या शहरात हे घडले, तिथल्या स्वयंपाकघरात असा वेगळा कप असावा, याची मला लाज वाटते. कप कोणता वापरावा हे सोसायटीच्या सूचनापत्रात लिहिणे कदाचित रुचणार नाही, पण मी असते तर लिहिले असते.

आणि पहारेकरी. तो बारा-बारा तास गेटवर असतो, तरी बऱ्याच सोसायट्यांत त्याच्यासाठी स्वच्छतागृह नसते, किंवा असते ते कुलूपबंद आणि किल्ली सेक्रेटरींकडे. दुकानातल्या कामगारांना बसायला मिळावे यासाठी केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली कायद्यात दुरुस्ती केली. आपल्या गेटवर पाठ टेकवता येईल अशी खुर्ची ठेवायला मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही. स्वच्छतागृहात दिवा आणि पाणी, केबिनमध्ये पंखा, पिण्याच्या पाण्याचा माठ किंवा फिल्टर, आणि बाकीच्या ताया-मावश्यांनाही तेच स्वच्छतागृह वापरता येईल अशी सोय, या गोष्टी सूचनापत्रात न घालता थेट सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. हा खर्च मासिक देखभाल शुल्कातच धरावा. त्यासाठी वेगळी वर्गणी काढू नये, कारण वर्गणीच्या यादीत कोणी दिले आणि कोणी नाकारले हे पहारेकऱ्याला कळते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्या सर्वांसाठी गेट उघडावे लागते.